आवाज नंतर येतो

धायरी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला मी एक सीताफळ मागते.
काचेचं. हिरवट, आत धूर कोंडल्यासारखं.
लाकडी पाट, एक सुरी, उजेड डावीकडून.
हात शक्यतो नको, बोटं मोजत बसावी लागतात;
परवा सहा आली होती
आणि सहावंच सगळ्यांत सुंदर होतं.

मिनिटभर चक्र फिरतं.
मग सुरी उतरते, खरवसातून उतरावी तशी,
आणि काच काहीच म्हणत नाही.
दोन भाग होतात. आत पुन्हा काच.
काळ्या चकचकीत बिया, एकही सुटून पडत नाही.
कपचा नाही, भुगा नाही,
नंतर ओटा पुसायला नको.

फक्त आवाज जरा मागून येतो.
सुरी पाटाला टेकून झालेली असते
आणि मग कानात: कर्र. टिंग्.
तो मी ओढून पुढे आणते, अर्धा सेकंद,
कधी त्याहून कमी.
माझं खरं काम एवढंच. बाकीचं मशीन करतं.

अंजीर झालं, बाकरवडी झाली.
मस्तानी करायला गेले तर पेला आधीच काचेचा,
मग आतलं आइस्क्रीम काचेचं केलं.
अश्लेषा विचारते, लोकांना मिळतं काय ह्यातून?
झोप, मी म्हणते.
तळेगावात एक नर्स आहे, रात्रपाळी उतरली की
पडदे ओढून माझी फळं बघत पडते.
तिने कळवलं होतं,
ताई, तुमच्याकडे कोणाला लागत नाही, ते बरं वाटतं.

तिला सांगितलं नाही.

साताऱ्याहून येत होतो. बोगदा संपल्यावरचा उतार,
इथल्या गॅलरीतून त्याचे दिवे दिसतात.
निरंजन चालवत होता, मी शेंगदाण्यांची पुडी सोडत होते,
आणि पुढच्या टेम्पोचे लाल दिवे
एकदम मोठे झाले.

निरंजन बरा आहे. रिक्षाने फिरतो,
मागे बसूनही पाय ब्रेकवर दाबतो.

माझं डावं मनगट. डॉक्टर म्हणाले होते,
बारीक कण राहिलेत, येतील आपले आपण वर.
येतात.
वर्षा-दीड वर्षातून एखादा.
आधी खाज, मग त्वचेत टोक,
भांडी घासताना, एकदा मावसबहिणीच्या लग्नात
मेंदी ओली असताना.
लेन्सची जुनी डबी आहे, तिच्या उजव्या कप्प्यात ठेवते.
पाच झाले.

एका रात्री मी मशीनकडे तो आवाज मागितला.
खिडकीची काच, आतून, मांडीवर पडताना.
त्याने झुंबर दिलं.
पुन्हा मागितला, बर्फ दिला.
तिसऱ्यांदा लिहिलं, खळ्ळकन नाही,
कोणी परातीत साबुदाणा ओततंय तसा,
बारीक, आणि खूप वेळ.
साबुदाण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधावं लागलं.
तर त्याने काचेचे मोती दिले, दुधाळ,
वाटीतून वाटीत वाहणारे. इतके देखणे
की मी ते तसेच चढवले. लोकांना फार आवडले.

आज पुन्हा पावणेदोन. सीताफळ कापून पडलंय,
आवाज अजून लावायचाय.
उठले. डब्यातला साबुदाणा काढला,
फोन परातीजवळ ठेवला, पंखा बंद केला,
महामार्गावर जरा सामसूम होईपर्यंत थांबले.
मग ओतला.
आधी थोडा. मग सगळा.

तोच.

किती वेळ उभी होते कोण जाणे.
मनगट दुसऱ्या हातात धरलेलं.
दिवा लागला. दारात अश्लेषा, अर्धवट झोपेत,
परातीकडे बघते, माझ्याकडे बघते.
उद्या उपास आहे का तुझा?

हो म्हटलं.
आता भिजवायला हवा.